खोक्यातला रस आणि बाळाचं पोट

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

माझ्या दोन वर्षांच्या नातवाला गेल्या उन्हाळ्यात महिनाभर दिवसातून पाच-सहा वेळा पातळ शी होत होती. लंगोट बदलताना तीत गाजराचे तुकडे जसेच्या तसे दिसायचे. पोटात गुबारा, पण पोरगं हसतं-खेळतं, वजनही वाढत होतं. दात येताहेत म्हणालो, दृष्ट काढली, शेवटी दूध तोडलं. आणि अंगात ताकद राहावी म्हणून खोक्यातला सफरचंदाचा रस वाढवला! बालरोगतज्ज्ञांनी पहिलंच विचारलं, "हा दिवसभरात पितो काय?" रस बंद केला, दूध पुन्हा सुरू केलं, आठवडाभरात शी बांधून व्हायला लागली.

डॉक्टरांनी सांगितलेलं कारण घरोघरी कळायला हवं. ग्लुकोज आतडं झटकन ओढून घेतं. फळांतली दुसरी साखर, फ्रुक्टोज, मात्र बेतानंच शोषली जाते. जोडीला तेवढंच ग्लुकोज असेल तर ते सोपं जातं. सफरचंदाच्या रसात फ्रुक्टोज ग्लुकोजच्या दुपटीच्या आसपास असतं, वर सॉर्बिटॉल नावाचा साखरेसारखा गोड पदार्थ, जो धड शोषला जात नाही. ही उरलेली साखर पाणी ओढत मोठ्या आतड्यात उतरते, तिथले जिवाणू ती आंबवतात, मग गॅस आणि जुलाब. नासपतीचं तेच. द्राक्षाच्या रसात दोन्ही साखरा जवळपास सारख्या असल्यानं तो त्या मानानं सोसतो.

आम्ही मात्र खोक्यावर 'साखर घातलेली नाही' वाचून निर्धास्त होतो! भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनं दोन वर्षांखालच्या मुलांना रस देऊच नये, दोन ते पाच वर्षांपर्यंत दिवसाला १२५ मिलिलिटरच्या वर नको, असं सांगितलं आहे. बाजारातला खोका बहुतेकदा २०० मिलिलिटरचा. 'शंभर टक्के फळांचा रस' हा दावा काढून टाकायला अन्न सुरक्षा प्राधिकरणानं २०२४ मध्ये कंपन्यांना सांगितलं, तसंच वयानुसार मर्यादाही ठळक मराठीत छापायला लावावी. आजारी मुलाला भेटायला जाताना आपण हेच खोके घेऊन जातो. जुलाब झालेल्या मुलाला तर रसाऐवजी ओआरएसच द्यावं. ताप असेल, शीतून रक्त पडत असेल किंवा मूल मलूल झालं असेल तर तडक डॉक्टर गाठावेत.

नातू आता किसलेलं सफरचंद चमच्यानं खातो, तहान लागली की पाणी मागतो.

आपली नम्र,
एक आजी, सातारा