बाबांची कवळी आणि बारा पाव

नाशिक,
२० जानेवारी

प्रिय चिमणे,

तुझं पत्र मिळालं. ‘घरी पाव भाजायचं हे काय खूळ काढलंयस? आमच्या इथे गोव्यात, म्हापशाला, उजाडायच्या आत पाववाला पोदेर सायकलवरून पों-पों करत दारात येतो,’ असं लिहून तू मला चांगलंच चिडवलंयस. येतो ना, पण तुझ्या दारात! नाशकात माझ्या दारात सकाळी घंटागाडी येते. आणि तुझ्या पोदेराचे ते खरपूस, कडक कवचाचे उंडे पाव बाबांच्या नव्या कवळीला झेपणारे नाहीत.

खरं कारण ती कवळीच. नोव्हेंबरात बसवली. खालची अजून हलते, त्यामुळे भाकरी दुधात कुस्करून खावी लागते आणि तेवढ्यानेच बाबा चिडतात. ‘मला काय तान्हं बाळ समजलीस?’ त्यांना हवा होता चहात बुडवायला पाव. कोपऱ्यावरची लादी सकाळी आणली तर सकाळपुरती मऊ. संध्याकाळी चामट, दुसऱ्या दिवशी भुगा. फ्रीजमध्ये ठेवली तर आणखी लवकर शिळी झाली. (हे मला खोटंच वाटायचं, पण थंडीत मैद्यातला स्टार्च भराभर कडक होतो. पाव ठेवायचा तर बाहेर डब्यात, नाहीतर थेट फ्रीजरमध्ये.) शेवटी म्हटलं, मीच करते.

पहिला घाणा तर विचारूच नकोस. दूध चहासारखं वाफाळतं होतं, त्यातच यीस्ट ओतलं. बिचारं जागच्या जागी मेलं. दूध बोटाला जेमतेम कोमट लागावं, बास. दुसऱ्या खेपेला यीस्ट जगलं, पण कणीक हाताला चिकटायला लागली. मग काय, चिकटली की घाल मूठभर मैदा, चिकटली की घाल मूठभर मैदा. भाजून निघाल्यावर बाबांनी एक पाव टेबलावर टकटक आपटून पाहिला आणि म्हणाले, ‘गच्चीचं दार वाऱ्याने आपटतं, तिथे लावून ठेव.’

तिसऱ्या खेपेला दोन गोष्टी बदलल्या, आणि गंमत म्हणजे दोन्ही आपल्याला लहानपणापासून माहीत होत्या. पहिली म्हणजे खळ. आठवतं, संक्रांतीला फाटलेले पतंग चिकटवायला आजी मैद्याची खळ करून द्यायची? जपान-चीनकडचे बेकर मऊ पावासाठी तीच करतात! २५ ग्रॅम मैदा १२५ मिली पाण्यात गुठळी न होऊ देता कालवायचा आणि मंद आचेवर ढवळत राहायचं. चमच्याची रेघ उमटायला लागली की उतरवायचं. शिजलेला मैदा कच्च्या मैद्यापेक्षा कितीतरी जास्त पाणी धरतो आणि ते पाणी पावात टिकून राहतं. इतके दिवस मला वाटायचं, मऊपणा यीस्टमुळे येतो. यीस्ट फक्त फुगवतं गं. मऊ ठेवतं ते पाणी, आणि मी मुठीमुठीने मैदा घालून नेमकं तेच शोषून घेत होते.

दुसरी गोष्ट, तिंबणं. पुरणपोळीची कणीक आई किती सैल ठेवायची आणि कशी आपटून-आपटून तिंबायची! तोच हात इथे लागतो. गार झालेली खळ, ३७५ ग्रॅम मैदा, १५० मिली कोमट दूध, दोन मोठे चमचे साखर, दोन चहाचे चमचे इन्स्टंट यीस्ट आणि एक चहाचा चमचा मीठ एकत्र केलं. हे प्रकरण हाताला फेविकॉलसारखं चिकटतं. घाबरायचं नाही, मैद्याच्या डब्याकडे बघायचंसुद्धा नाही. १० मिनिटं झाकून ठेवलं की निम्मी चिकचिक आपोआप जाते. मग तिंबायला घ्यायचं, आणि कणीक ताणायला लागली की ४० ग्रॅम लोणी थोडं थोडं जिरवायचं. आधीच घातलंस तर स्निग्धपणामुळे कणकेला ताण यायला फार वेळ लागतो. माझी २० मिनिटं गेली, खांदे भरून आले. छोटा तुकडा दोन्ही हातांनी ताणला की पतंगाच्या कागदासारखा पलीकडचा उजेड दिसला पाहिजे. दिसला तेव्हा मी स्वयंपाकघरातून अशी ओरडले की बाबा काठी घेऊन आले.

नाशकात या दिवसांत थंडी कसली आहे म्हणून सांगू! कणीक दुप्पट व्हायला दीड तास लागतो म्हणतात. माझी दोन तासांनंतरही ढिम्म. शेवटी ओव्हन बंदच ठेवून आत वाडगाभर उकळतं पाणी ठेवलं आणि पातेलं शेजारी सरकवलं. तेव्हा कुठे बाईसाहेब वर आल्या. मग १२ गोळे केले, वजन करून, प्रत्येकी ६० ग्रॅमच्या आसपास. ट्रेमध्ये जवळजवळ लावायचे, मध्ये बोटभर जागा ठेवून. फुगले की एकमेकांना टेकतात, बाजूंना कवच धरत नाही, म्हणून तर लादीचा पाव कडेने मऊ असतो. पुन्हा पाऊण तास झाकून ठेवले, वरून दूध लावलं आणि १८० अंशांवर २० मिनिटं भाजले.

आता तुझ्या आवडीचं, लोणी. आधी मी लसणाचं लोणी भाजायच्या आधीच लावलं होतं; लसूण करपून कडू झाली. आता सहा पाकळ्या किसून दोन चमचे लोण्यात मंद आचेवर फक्त वास सुटेपर्यंत परतते, लाल होऊ देत नाही. ते गार झालं की ५० ग्रॅम मऊ लोण्यात फेटते, त्यात बारीक कोथिंबीर, एक हिरवी मिरची आणि चिमूटभर जिरेपूड. लोणी अमूलचं असेल तर मीठ अजिबात नको. पाव ओव्हनमधून काढल्या काढल्या यातलं निम्मं वरून फासायचं, चर्र आवाज येतो बघ, आणि लगेच सुती फडकं झाकायचं. वाफेने वरची पापडी नरम पडते. उरलेलं खाताना. बाबांसाठी मिरची वगळून चार वेगळे करते, पण ते मिरचीवालेच उचलतात.

तर परवा हा घाणा टेबलावर आला. लादी मोडली तेव्हा आतून कापसासारखे धागे निघाले. बाबांनी एक खाल्ला, काही बोलले नाहीत. दुसरा खाल्ला. म्हणाले, ‘मीठ जरा कमी आहे.’ तिसरा उचलला तेव्हा माझं लक्ष गेलं, कवळी शेजारच्या वाटीत पाण्यात! मी ओरडले, ‘अहो बाबा, सवय व्हायची तर घालायला नको का?’ तर म्हणे, ‘याला दात कशाला लागतात?’

डॉक्टरांना हे सांगू नकोस. पुढच्या आठवड्यात दाखवायला न्यायचंय आणि ‘रोज घालतो’ असं ते ठोकून देणार आहेत.

तुझ्याकडे एक काम आहे. तुमचा पोदेर त्या पोई पावात कोंडा किती घालतो, तेवढं विचारून कळव. आणि पूर्वी माडाच्या सुरेवर, म्हणजे माडीवर, पाव फुगवायचे, तसं करणारं अजून कोणी आहे का तेही. शिवरात्रीला येशील तेव्हा एक घाणा तुझ्या हातून तिंबून घेणार आहे, माझे खांदे अजून दुखतायत. नखं कापून ये.

तुझीच,
भांडकुदळ