गरोदरपणात ‘स्ट्राँग’ गोळी घेण्याआधी स्ट्रिप वाचा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कंबर किंवा दाढ दुखू लागली की घरात उरलेली ‘पॅरासिटॅमॉलचीच जरा स्ट्राँग’ गोळी गरोदर बाईला सर्रास दिली जाते. अशा काही गोळ्यांत ३२५ मिलिग्रॅम पॅरासिटॅमॉलबरोबर ३७.५ मिलिग्रॅम ट्रामाडॉल असतं. ट्रामाडॉल अफूच्या गटातलं, २०१८पासून अमली पदार्थविरोधी कायद्याखाली आलेलं औषध आहे. स्ट्रिपवर लाल अक्षरात ‘एनआरएक्स’ (NRx, या कायद्याखालच्या औषधांची खूण) दिसलं, तर ती गोळी डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये.

हे औषध वारेतून बाळापर्यंत जातं. ऑपरेशननंतर डॉक्टरांनी दोन-चार डोस दिले म्हणून घाबरण्याचं कारण नाही. प्रश्न आहे तो आठवडेच्या आठवडे रोज घेण्याचा. आणि इथेच मोठी चूक होते: दिवस राहिल्याचं कळताच घरचे गोळी एका दिवसात बंद करायला लावतात. शरीराला सवय झालेली असेल तर घाम, उलट्या, जुलाब, पोटात कळा सुरू होतात. वेळेआधी प्रसूती होण्याचाही धोका असतो. डोस डॉक्टरांच्या देखरेखीखाली हळूहळू उतरवायचा असतो. व्यसनच जडलं असेल तर ब्युप्रेनॉर्फिन किंवा मेथाडोन (अफूच्या गटातलीच, पण डॉक्टरांच्या देखरेखीखाली द्यायची औषधं) सुरू करून ते बाळंतपणानंतरही चालू ठेवतात. हे ‘एक व्यसन सोडून दुसरं’ नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेची २०१४ची शिफारसही हीच आहे.

गरोदरपणात आईने रोज अशा गोळ्या घेतल्या असतील, तर बाळाला होणारा त्रास जन्मताच दिसेल असं नाही. थरथर, किंचाळल्यासारखं रडणं, सतत शिंका, पातळ शी, नीट दूध न ओढणं हे बहुधा एक ते तीन दिवसांत सुरू होतं, कधी त्याहून उशिरा. साध्या बाळंतपणानंतर ४८ तासांत घरी सोडतात, म्हणजे नेमकं लक्ष ठेवायच्या वेळी बाळ घरी! म्हणून गोळ्यांचं नाव आणि डोस प्रसूतीआधीच डॉक्टरांना सांगून माता-बाल संरक्षण कार्डावर लिहून घ्यावा. लाज वाटून लपवू नये.

दुखण्यावर पहिली गोळी साधी पॅरासिटॅमॉल, ५०० मिलिग्रॅमची, दोन डोसांत किमान चार तास ठेवून. आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक हा पर्याय नव्हे: विसाव्या आठवड्यानंतर बाळाची लघवी कमी होऊन गर्भजल घटू शकतं.

बाळ अंगावर पीत असताना कोडीनचं (हेही अफूच्या गटातलंच) खोकल्याचं औषध आणि ट्रामाडॉल, दोन्ही टाळावीत. काही बायकांच्या शरीरात कोडीनचं मॉर्फिन फार झपाट्याने होतं आणि ते दुधात उतरतं. आईने असं काही घेतल्यावर बाळ उठवूनही उठत नसेल, श्वास मंद वाटत असेल, तर सकाळची वाट न पाहता दवाखाना गाठावा.

– एक फार्मासिस्ट, सांगली