जैविक वय मोजण्याआधी

महोदय,

शरीराचे ‘जैविक वय’, म्हणजे शरीर प्रत्यक्षात किती झिजले आहे, हे सांगणाऱ्या महागड्या चाचण्यांच्या जाहिराती आता आमच्या गावातल्या मोबाइलवरही दिसू लागल्या आहेत. (मास्तरांनी दाखल्यावर १ जून लिहून दिलेल्या आमच्या पिढीला जन्मतारीखच नेमकी ठाऊक नाही, ही गोष्ट वेगळी.) या चाचण्यांमागचे शास्त्र खोटे नाही. संशोधक स्टीव्ह होर्वाथ यांनी २०१३ मध्ये डीएनएवरील ३५३ ठिकाणच्या, वयानुसार बदलत जाणाऱ्या सूक्ष्म रासायनिक खुणांवरून वय मोजण्याची पद्धत मांडली. २०१८ मध्ये साखर, क्रिएटिनिन, अल्ब्युमिन अशा रक्तातील ९ घटकांची कॅलेंडरवरील वयाशी सांगड घालूनही असा अंदाज बांधण्यात आला. मात्र ही मोजमापे मोठ्या समूहाच्या अभ्यासाला जितकी उपयोगी, तितकी एकट्या माणसासाठी भरवशाची नाहीत, कारण एकाच नमुन्याच्या दोन तपासण्यांतही काही वर्षांचा फरक पडू शकतो.

धूम्रपान, अपुरी झोप, कुपोषण आणि सततचा ताण यांनी शरीर लवकर थकते, हे आता पुरेसे स्पष्ट आहे. अति उष्णतेचाही डीएनएवरील या खुणांशी संबंध असल्याचे अमेरिकेतील ज्येष्ठांच्या अभ्यासात २०२५ मध्ये आढळले. मे महिन्यात पारा ४५ अंशांवर असताना तेंदूपाने तोडणाऱ्या आमच्याकडच्या बायांचे शरीर कोणत्या गतीने झिजत असेल, हे मोजायला मात्र कोणी आलेले नाही. आरोग्य विभागाने निदान हंगामाआधी फळीवरच (तेंदूपाने जमा करण्याच्या केंद्रावर) त्यांचा रक्तदाब, साखर आणि हिमोग्लोबिन तपासावे, ही विनंती.

– एक वाचक, जि. चंद्रपूर