शाखा ठरवायला एक वर्ष तरी द्या

मा. मंत्री,
उच्च व तंत्रशिक्षण, महाराष्ट्र राज्य यांस

सप्रेम नमस्कार.

मी कोल्हापूरच्या उद्यमनगरात छोटं मशीन शॉप चालवतो. फौंड्रीतून आलेलं कास्टिंग लेथवर लावायचं, भोकं पाडायची आणि पंपवाल्यांना, ट्रॅक्टरवाल्यांना द्यायचं, हा आमचा धंदा. यंदा भाचीची इंजिनिअरिंगच्या प्रवेशाची सीईटी झाली. तिच्या वडिलांना रजा मिळेना, म्हणून तिला कॉलेज दाखवायला मी गेलो. कॉलेज कोल्हापूरच्या परिसरातलंच. नाव लिहीत नाही, कारण तक्रार एकट्या त्या कॉलेजची नाही.

गेटाच्या आत मांडव आणि टेबलं. टेबलामागच्या सरांचा पहिला प्रश्न, "पर्सेंटाइल किती?" भाचीनं सांगितलं. सरांनी कटऑफची झेरॉक्स पुढे ओढली, तिच्यावर पट्टी ठेवली आणि म्हणाले, "कॉम्प्युटर काठावर आहे. खाली एआय-डेटा सायन्स टाका, मग एआय-एमएल, मग आयटी. ईएनटीसी, म्हणजे इलेक्ट्रॉनिक्स-टेलिकॉम, शेवटी. मेकॅनिकल लिहूच नका, उगाच लागून जाईल." एखादी साथ लागावी तसं! तुला काय आवडतं, असं त्या टेबलावर तिला कुणी विचारलं नाही. सरांना तरी काय बोलणार? मागे रांग होती, आणि रांगेतल्या प्रत्येक बापाला तेवढंच ऐकायचं होतं.

कॉम्प्युटरच्या नव्या लॅब दाखवायला माणूस सोबत दिला. वर्कशॉप मात्र आम्हालाच शोधावं लागलं. लेथवर कापडं टाकलेली. तिथल्या वयस्कर इन्स्ट्रक्टरनी भाचीला आत बोलावलं, व्हाइसमध्ये पट्टीचा तुकडा आवळला आणि हातात फाईल दिली. तिनं चार हात मारल्यावर त्यांनी कडेला गुण्या, म्हणजे काटकोनी पट्टी, लावून तो तुकडा खिडकीकडे धरला. "दोन्ही टोकांना उजेड दिसतोय बघ. मध्ये पोट राहिलंय." तिनं पुन्हा मारली. पुन्हा उजेड. मग ती तिथून हलेना. परतताना गाडीत तिनं विचारलं, "मामा, इलेक्ट्रिकलमध्ये नेमकं काय शिकवतात?" बारावी झालेली, कॉलेज-शाखांचा पसंतीक्रम लिहायचा ऑप्शन फॉर्म तोंडावर आलेला, आणि हा प्रश्न तिला आत्ता पडला.

यावरून मी तिला मेकॅनिकलला ढकलतोय असं समजू नका. शिरोली-गोकुळ शिरगावच्या वसाहतींत नव्या पदवीधराच्या हातात काय पडतं ते मला ठाऊक आहे, देणाऱ्यांत मीही आहे. पुण्याच्या सॉफ्टवेअर कंपनीपुढे आम्ही तो आकडा काढू शकत नाही. पालक काही वेडे नाहीत. माझं म्हणणं वेगळं आहे. तीन तासांत दीडशे प्रश्न सोडवून आलेल्या आकड्यावर मुलाला आयुष्याची शाखा देऊन टाकायची, तीही त्यानं एकही शाखा जवळून बघायच्या आत, ही घाई कशासाठी?

आपल्या नियमांनी ही घाई वाढवली आहे. 2025-26 च्या कॅपमध्ये, म्हणजे केंद्रीय प्रवेशप्रक्रियेत, पहिल्या फेरीत पहिला पसंतीक्रम मिळाला की तो घेणं बंधनकारक झालं. दुसऱ्या फेरीत पहिल्या तिनांपैकी कोणताही, तिसरीत पहिल्या सहांपैकी. जागा अडवून ठेवणाऱ्यांना आळा घालायचा, हा हेतू समजतो. पण त्यामुळे पहिल्या ओळीत काय लिहायचं याला जिवाचं मोल आलं, आणि ती ओळ झेरॉक्सवरची पट्टी ठरवते.

दुसरीकडे एआयसीटीईनं, म्हणजे तंत्रशिक्षणाच्या केंद्रीय परिषदेनं, 2024-25 पासून चांगल्या कॉलेजांवरची प्रवेशक्षमतेची कमाल मर्यादा काढली. मागणी कॉम्प्युटरला, म्हणून तुकड्याही तिथेच वाढतात. वीस विद्यार्थ्यांमागे एक शिक्षक हे प्रमाण कागदावर आहे. पण एवढे शिक्षक एकदम आणायचे कुठून, हे ज्यांना विचारावं ते हसतात.

अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठात इंजिनिअरिंगची मुलं पहिलं वर्ष एकत्र शिकतात आणि शाखा नंतर घेतात. सिॲटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठातही बरीच मुलं शाखा न ठरवताच आत येतात, आणि वर्षभरानं जागेसाठी अर्ज करतात. तिथेही कॉम्प्युटरसाठी झुंबड असतेच, हवी ती शाखा न मिळालेली मुलं तिथेही नाराज होतात. जागा मोजक्या आणि मागणारे जास्त म्हटल्यावर कुणीतरी रडणारच. फरक एवढाच, की त्या मुलानं वर्षभर तो विषय हाताळलेला असतो. आपल्याकडे पहिल्या वर्षाला गणित, फिजिक्स, ड्रॉइंग, वर्कशॉप, बेसिक इलेक्ट्रिकल हे बहुतेक सगळ्यांना असतंच. म्हणजे पाया एकच घालायचा आणि खोल्यांची वाटणी मात्र आधीच करून टाकायची!

सगळंच उलटं करा असं मी म्हणत नाही. स्वायत्त कॉलेजांपासून सुरुवात करा. कॉम्प्युटर गटातल्या वाढीव जागांपैकी दहा टक्के जागा पहिल्या वर्षी भरू नका. त्या पहिल्या वर्षाच्या निकालावर, आरक्षणाचे सगळे नियम पाळून, त्याच कॉलेजातल्या मुलांना द्या. शाखा बदलायची सोय आजही आहे, पण ती कॉलेजच्या नोटीस बोर्डावर सुरू होते आणि तिथेच संपते. कुठल्या शाखेत किती जागा उरल्या, अर्ज किती आले, शेवटचा प्रवेश किती गुणांवर झाला, हे सीईटी सेलच्या संकेतस्थळावर टाका. फी सवलतीचाही घोळ नको. शाखा बदलली म्हणून राजर्षी शाहू शिष्यवृत्ती किंवा मुलींची 2024 पासूनची शुल्कमाफी अडकणार नाही, हे नियमात शब्दांत लिहा. नाहीतर एखादा क्लार्क पोर्टलवर बोट दाखवून मोकळा होईल.

एक धोका मात्र सांभाळा. पहिल्या वर्षी रिकाम्या राहिलेल्या जागा दुसऱ्या वर्षी थेट येणाऱ्या डिप्लोमाच्या मुलांना मिळतात. माझ्या शॉपमध्ये संध्याकाळची पाळी करून डिप्लोमा केलेली पोरं आहेत. त्यांच्या वाट्याला हात लागता कामा नये. म्हणून मागतोय त्या जागा वेगळ्या मंजूर व्हाव्यात, उरलेल्यांतून काढलेल्या नकोत.

आणि हे तर यंदाच करता येईल. ऑप्शन फॉर्म भरायच्या दिवसांत प्रत्येक कॉलेजनं सगळ्या शाखांच्या लॅब आणि वर्कशॉप मुलांना उघड्या ठेवाव्यात, असं परिपत्रक काढा. लॅब नुसत्या दाखवायला नकोत, मुलांना हात लावू द्यायला हव्यात. यंत्रं चालवून दाखवायला माणसं कमी पडली तर उद्यमनगरातून आम्ही देऊ. सोमवारी आमचं शॉप बंद असतं, त्या दिवशी मी स्वतः येईन.

कळावे,
आपला,
उद्यमनगरातला एक मशीन शॉपवाला
कोल्हापूर