तिसरा कर्णा

खोमास पठार, नामिबिया
ज्येष्ठ अमावस्या

ती. आई-आप्पांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

आई, हे पत्र आप्पा वारीहून आले की त्यांना वाचून दाखव. प्रस्थानाच्या आदल्या दिवशी फोनवर त्यांनी विचारलं, "पोरी, रात्र रात्र जागून बघता तरी काय?" आणि मी तोंड उघडायच्या आत रेंज गेली.

आप्पा, बघतो ते एका दीर्घिकेच्या मधल्या कृष्णविवराकडे. नाव रुक्ष आहे, पीकेएस 2155-304. मीनास्य ताऱ्याच्या भागात, दीडशे कोटी प्रकाशवर्षांवर. त्या विवराजवळून निघालेला झोत जवळजवळ आपल्याच दिशेने येतो, म्हणून त्याला ब्लेझार म्हणतात. त्याचे गॅमा किरण जमिनीपर्यंत पोचत नाहीत. वर हवेत आदळतात आणि सेकंदाच्या काही अब्जांश भागापुरती निळसर चमक उठते. आमच्या हेस वेधशाळेच्या दुर्बिणी ती टिपतात. चार 12 मीटरच्या, मधली थोरली 28 मीटरची. चांदणं नको, म्हणून अमावस्येच्या आगेमागे आमची धांदल. पहाटे तीनला तो डोक्यावर येतो, तेव्हा बाहेर गेले तर नाकाचा शेंडा बधिर होतो. परवा दाराशी एक कुडू, म्हणजे इथला हरणासारखा प्राणी, उभा होता, आपल्या खिल्लाऱ्याएवढा. कोण जास्त दचकलं, सांगत नाही.

जुलै 2006 मध्ये याच ब्लेझारने इथल्या लोकांची झोप उडवली. एका रात्री तो नेहमीच्या कितीतरी पट तळपला आणि तीनेक मिनिटांत उजेड दुप्पट होत होता. आता तुमचा तिसरा कर्णा आठवा. कर्णा झाला की पालखी निघते, पण मागची दिंडी हलायला वेळ लागतोच. रांग जेवढी लांब, तेवढा उशीर. सगळी रांग तीन मिनिटांत हलली, तर ती आखूडच असणार. उजेडाचंही तसंच. तीन मिनिटांत प्रकाश साडेपाच कोटी किलोमीटर जातो. पण तिथलं कृष्णविवर ओलांडायला त्यालाच काही तास लागावेत! हिशेब बसेना.

बसतो तो असा: झोत स्वतःच्याच प्रकाशामागे जवळजवळ त्याच वेगाने धावतोय. पंढरपूरहून परतताना तुम्ही रोज एक पत्र टाकलंत आणि चाललात टपालाच्याच वेगाने, तर सगळी पत्रं आईच्या हातात एकदमच पडतील, आणि मागोमाग तुम्ही. तिथले तास इथे मिनिटं होऊन येतात. तरी 2006 साठी वेग इतका धरावा लागतो की त्यावर अजून वाद चालू आहेत.

त्याच उधाणातल्या दुसऱ्या एका रात्री क्ष-किरण टिपणारा चंद्रा नावाचा उपग्रहही तिकडेच बघत होता. गॅमा किरण दहापटीहून जास्त वरखाली झाले, क्ष-किरण साधारण दुप्पट, आणि साधा प्रकाश किंचितच. मला सगळ्यात जास्त छळतं ते हेच. एकाच झोताच्या एका टोकाला धिंगाणा आणि दुसरीकडे सुस्ती. आपल्या मळ्यातून खोडदच्या ज्या डिश दिसतात, त्या टिपतात त्या रेडिओ लहरी तर याहून संथ. त्या झोतात पुढे, पसरलेल्या भागातून येतात, तिथे बदलाला आठवडे, महिने लागतात.

आत्ता तो शांत आहे. काल तर ढगांमुळे नुसता चहाच झाला.

आई, टोमॅटोला भाव काय मिळतोय ते कळव. आप्पा, पाय सुजले असतील तर मिठाच्या पाण्यात ठेवा. आणि यंदा तुमची दिंडी रथामागे कितवी होती, तिसऱ्या कर्ण्यानंतर किती मिनिटांनी हलली, हे लक्षात असेल तर लिहा.

तुमची,
ताई