ब्राउझरमध्ये उघडतं, मग ॲपमध्ये का नाही?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

ऑनलाइन पैसे भरण्याबद्दल तुमच्याकडे काही छापून आलं की त्यात 'पत्त्याशेजारचं कुलूप बघा' हे असतंच. अहो, क्रोमने ते कुलूप २०२३ मध्येच काढलं, आणि होतं तेव्हा तरी त्यावरून काय कळायचं?

परवा पोराच्या क्लासची फी भरायला बसलो तर ॲप काही केल्या कनेक्टच होईना, आणि तीच साइट लॅपटॉपवर क्रोममध्ये मस्त चालत होती. हेल्पलाइनवाले म्हणे तुमचा मोबाइल जुना झालाय. आता माझं पोट याच कामावर चालतं, म्हणून टर्मिनल (कमांड टाइप करायची खिडकी) उघडलं आणि ओपनएसएसएल या सुरक्षित जोडणीच्या सॉफ्टवेअरमधल्या एस-क्लायंट या तपासणीच्या कमांडने त्यांच्या सर्व्हरच्या ४४३ पोर्टला (सुरक्षित साइटचं नेहमीचं दार) हाताने कनेक्ट करून बघितलं. सर्टिफिकेट म्हणजे साइटचं डिजिटल ओळखपत्र, ते एकमेकांची हमी देणाऱ्या सर्टिफिकेटांच्या साखळीत, चेनमध्ये, येतं. इथे चेनमध्ये एकच सर्टिफिकेट, आणि खाली पडताळणीचा निकाल सांगणारा व्हेरिफाय रिटर्न कोड २१, म्हणजे सर्व्हरने स्वतःचं सर्टिफिकेट पाठवलं पण त्याला रूटशी (मोबाइल-ब्राउझर ज्यावर आधीच विश्वास ठेवतात त्या मूळ सर्टिफिकेटशी) जोडणारं मधलं, इंटरमीडिएट, सर्व्हरवर टाकायलाच विसरलेत. क्रोम ते मधलं सर्टिफिकेट स्वतः शोधून आणतो, फायरफॉक्स आधीच साठवून ठेवतो, म्हणून ब्राउझरमध्ये चूक झाकली जाते. अँड्रॉइड ॲप असले लाड करत नाही, ते सरळ नाही म्हणतं.

दोन मिनिटांचं काम आहे हो, फक्त आउटपुट नीट वाचायला पाहिजे. वरती 'कनेक्टेड' दिसलं की लोक खूश होतात, पण पडताळणी फसली तरी एस-क्लायंट कनेक्शन तोडत नाही, तसं वेगळं सांगावं लागतं. शेवटी शून्य कोड (म्हणजे पडताळणी ठीक) आला तरी सर्टिफिकेटवरचं नाव साइटच्या नावाशी जुळलं असं नाही, होस्टनेम (साइटचं नाव) तपास म्हणून पर्याय दिला तरच तो तपासतो. आणि टीएलएस १.० ही सुरक्षित जोडणीची जुनी, कमकुवत पद्धत सर्व्हरवर बंद आहे का ते बघताना हँडशेक (जोडणीची सुरुवातीची बोलणी) फेल झालं म्हणून लगेच सर्व्हरला शाबासकी देऊ नका, ओपनएसएसएल ३ स्वतःच डिफॉल्टला ते नाकारतं, त्याची सिक्युरिटी लेव्हल (कडकपणाची पातळी) शून्यावर आणून बघावं लागतं (मी स्वतः यात एकदा तोंडावर पडलोय, साहेबांसमोर).

हे आत्ता लिहायचं कारण म्हणजे सर्टिफिकेटची मुदत पूर्वी जास्तीत जास्त ३९८ दिवस चालायची, १५ मार्च २०२६ पासून ती २०० वर आली आणि २०२९ मध्ये ४७ दिवसांवर येणार. म्हणजे वर्षाला सात-आठ वेळा कोणीतरी सर्व्हरवर सर्टिफिकेटची नवीन फाइल टाकणार आणि क्रोममध्ये उघडून बघून 'झालं' म्हणणार.

क्लासवाल्यांना आउटपुटसकट मेल केला. तिसऱ्या दिवशी ॲप गुपचूप सुरू झालं, उत्तर काही आलं नाही. शेजारच्या काकूंना मात्र तोवर हेल्पलाइनने नवीन मोबाइल घ्यायला लावला होता.

आपला,
एक वाचक, सांगली