विद्यार्थी दिवस साजरा करताना सरकारी हायस्कूलकडेही बघा : शालेय शिक्षणमंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. शालेय शिक्षणमंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई.

विषय : साताऱ्याचं प्रतापसिंह हायस्कूल आणि राज्यातली सरकारी व जिल्हा परिषदेची माध्यमिक विद्यालयं

महोदय,

सप्रेम नमस्कार. सातारा जिल्ह्यात पीटीचा शिक्षक म्हणून नोकरी करून मी निवृत्त झालो. हे पत्र ७ नोव्हेंबरबद्दल आहे, आणि थोडं माझ्या विषयाबद्दलही आहे.

२०१७ साली राज्य शासनानं ७ नोव्हेंबर हा विद्यार्थी दिवस म्हणून जाहीर केला. सन १९०० मध्ये याच तारखेला भिवा रामजी आंबेडकर या नऊ वर्षांच्या मुलाचं नाव साताऱ्याच्या सरकारी हायस्कूलच्या जनरल रजिस्टरात १९१४ या क्रमांकावर नोंदलं गेलं. वर्ग इंग्रजी पहिली. ते रजिस्टर शाळेनं आजही जपून ठेवलं आहे. ती शाळा म्हणजे आजचं जिल्हा परिषदेचं प्रतापसिंह हायस्कूल.

दरवर्षी या दिवशी शाळाशाळांत प्रतिमापूजन होतं, निबंध आणि वक्तृत्वाच्या स्पर्धा होतात. ते व्हायलाच हवं. माझी विनंती त्याच्या जोडीची आहे. दर ७ नोव्हेंबरला आपण राज्यातल्या प्रत्येक सरकारी आणि जिल्हा परिषदेच्या माध्यमिक शाळेची यादी जाहीर करावी. शिक्षकांची मंजूर पदं किती, भरलेली किती, गणित-विज्ञानाला आणि खेळाला स्वतंत्र माणूस आहे का, मैदान आहे का, नळाला आणि मुलींच्या स्वच्छतागृहात पाणी येतं का, एवढंच त्यात असावं. ही मागणी मी याच दिवसाशी का जोडतोय ते सविस्तर सांगतो.

प्रतापसिंह हायस्कूलचं मूळ साताऱ्याच्या गादीच्या शेवटाशी आहे. पेशवाई बुडाल्यावर इंग्रजांनी १८१८ मध्ये छत्रपती प्रतापसिंह महाराजांना साताऱ्याच्या गादीवर पुन्हा बसवलं. साताऱ्यातला जुना राजवाडा त्यांच्याच काळातला. स्वाभिमानी राजा आणि कंपनी सरकार यांचं फार दिवस जमलं नाही. १८३९ मध्ये महाराजांना पदच्युत करून काशीला धाडलं गेलं आणि १८४७ मध्ये तिथेच त्यांचं निधन झालं. पुढच्याच वर्षी दत्तक वारस नाकारून डलहौसीनं राज्य खालसा केलं. त्यानंतर तीन वर्षांनी, १८५१ मध्ये, ही शाळा सुरू झाली आणि पुढे कित्येक वर्षं ती जुन्या राजवाड्यात भरत होती. काशीला देह ठेवलेल्या त्या राजाचं नाव तिला नंतर मिळालं. सातारकरांना त्याचं मोल काय वाटतं, ते बाहेरच्या माणसाला चटकन कळायचं नाही.

मुंबई विद्यापीठ १८५७ मध्ये निघालं, मॅट्रिकची परीक्षा आली आणि जिल्ह्याच्या गावातलं सरकारी हायस्कूल ही सरकारी नोकरीची आणि वकिलीची वाट झाली. १८८२ मध्ये हंटर आयोग बसला. आयोगाचं मत पडलं की माध्यमिक शिक्षणातून सरकारनं हळूहळू अंग काढावं, खासगी संस्थांना अनुदान द्यावं आणि जिल्ह्यात नमुना म्हणून एखादं सरकारी हायस्कूल ठेवावं. याच आयोगापुढे महात्मा फुल्यांनी निवेदन दिलं होतं. त्यांचं मूळ गाव कटगुण, आमच्याच खटाव तालुक्यातलं. शेतकऱ्यांच्या घामाच्या पैशातून सारा जमतो आणि त्या पैशावर वरच्या वर्गाची पोरं शिकतात, हे त्यांनी आयोगाला स्पष्ट सांगितलं, आणि बारा वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा म्हणाले. प्राथमिक शाळा पुढे गावोगाव झाल्या. हायस्कुलांच्या बाबतीत मात्र आपण आजही बहुतेक हंटरच्याच रस्त्यानं चालतो आहोत. जिल्हा परिषदेच्या शाळा प्रामुख्यानं सातवी-आठवीपर्यंत, त्यापुढे संस्थांची अनुदानित विद्यालयं, आणि सरकारी किंवा जिल्हा परिषदेचं हायस्कूल विरळाच.

संस्थांचं ऋण मी मानतो. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था काढली नसती तर या जिल्ह्यातल्या किती घरांत मॅट्रिक पास झालेला पहिला माणूस निपजला असता, याचा विचारही करवत नाही. तरीही जी शाळा थेट शासनाची आहे, ती कशी असावी याचा नमुना शासनानंच घालून द्यायचा आहे. सरकारी हायस्कूल ठेवायचं तेच मुळी नमुना म्हणून, असं हंटर आयोगानं सांगितलं होतं.

आता १९०० सालाकडे येतो. प्रवेश मिळाला ही मोठी गोष्ट होती. पण वर्गात काय वाट्याला आलं, ते बाबासाहेबांनी स्वतः लिहून ठेवलं आहे. वर्गाच्या कोपऱ्यात वेगळं बसायचं. बसायला गोणपाट घरून आणायचं आणि संध्याकाळी घरी परत न्यायचं, कारण वर्ग झाडणारा नोकरही त्या गोणपाटाला हात लावत नसे. तहान लागली तर नळाला हात लावायचा नाही. गुरुजींची परवानगी घ्यायची आणि शिपायानं नळ सोडला तर प्यायचं. शिपाई नसेल तर पाणीही नाही. मुंबईच्या विधिमंडळात सार्वजनिक पाणवठे आणि शाळा अस्पृश्यांना खुल्या करण्याचा बोले यांचा ठराव यायला १९२३ साल उजाडलं, आणि महाडच्या तळ्यावर पाणी प्यायला १९२७.

माझ्या विषयातलीही एक गोष्ट याच काळातली, याच गावातली आहे. अस्पृश्य मानलेल्या समाजातले बाळू पळवणकर हे त्या वेळचे आपले सर्वांत मोठे फिरकी गोलंदाज. पुण्याच्या हिंदू संघाकडून खेळताना साताऱ्यात गोऱ्यांच्या जिमखान्याविरुद्ध त्यांनी सात गडी टिपले होते. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी ११४ बळी घेतले. पण पुण्यात त्यांना संघातल्या इतरांबरोबर चहा मिळत नसे. मंडपाबाहेर, वेगळ्या भांड्यात मिळायचा. हातात चेंडू दिला, कप दिला नाही. पुढे दौऱ्यावरून परतलेल्या बाळूंच्या सत्कारात तरुण आंबेडकरांचा पुढाकार होता. शाळेच्या वर्गात असो की मैदानावर, नुसतं नाव दाखल झाल्यानं काम होत नाही, हे त्या दोघांना स्वतःच्या अनुभवानं ठाऊक होतं.

आज गोणपाट नाही, कायदा आहे. पण रजिस्टरात नाव आहे आणि पुढे काही नाही, अशी स्थिती वेगळ्या रूपानं शिल्लक आहे. ती मी नोकरीत जवळून पाहिली. शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात मैदान आणि खेळाचं साहित्य लिहिलेलं आहे. सहावी ते आठवीचा पट शंभरच्या वर असेल तर आरोग्य व शारीरिक शिक्षणासाठी अंशकालीन निदेशक हवा, असंही लिहिलं आहे. मुळात तो अंशकालीन, आणि कायदा थांबतो आठवीला. नेमकं नववीपासून पोर सतरा वर्षांखालच्या गटात खेळायला लागतं, अंगात ताकद येते, शिकवलेलं मुरतं. त्याच वयात त्याला शिकवणारं कोणी नसतं. संचमान्यतेत, म्हणजे शाळेला शिक्षक मंजूर करताना, पदं पटावर ठरतात, पट घटला की आधी खेळाचा आणि चित्रकलेचा माणूस अतिरिक्त ठरतो, आणि पीटीचा तास गणिताच्या नाहीतर हिंदीच्या सरांच्या वेळापत्रकात घातला जातो. ते बिचारे तो तास अभ्यासक्रम पुरा करायला वापरतात. त्यांना तरी दोष कसा द्यावा?

तालुका स्पर्धेच्या आधीचे दिवस बाहेरच्या माणसानं एकदा पाहावेत. पहाटे फक्की मारून खो-खोचं मैदान आखायचं, खांब रोवायचे, आणि दहा वाजता प्रार्थनेची घंटा झाली की वर्गावर जायचं. मधल्या सुट्टीत ऑनलाईन नोंदणी, प्रत्येक खेळाडूचा जन्मदाखला, आधार, बोनाफाईड, फोटो. संध्याकाळी खरा सराव. आणि सराव रंगात आला की मुली घड्याळाकडे बघायला लागतात, कारण गावाकडे जाणारी शेवटची एसटी चुकली तर घरी जायची सोय नाही. मुलींना एसटीचा पास शासनानं मोफत केला, हे फार चांगलं काम झालं. पण गाडी शाळा सुटायच्या वेळेची असते, सराव संपायच्या वेळेची नसते. चपळ खो-खो खेळणाऱ्या, पुढे राज्याच्या संघात बसल्या असत्या अशा मुली या एका कारणानं खेळ सोडताना मी बघितल्या आहेत. आगार व्यवस्थापकाला एक पत्र आणि अर्ध्या तासानं उशिरा सुटणारी एक फेरी एवढ्यानं तो प्रश्न सुटला असता.

आणि हा जिल्हा खेळाचा आहे, हे आपल्याला सांगायला नको. गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी १९५२ मध्ये हेलसिंकीला स्वतंत्र भारताला पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक मिळवून दिलं. त्यांच्या प्रवासखर्चासाठी कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचं घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले होते. माण तालुक्यातल्या मोहीची ललिता बाबर २०१६ मध्ये रिओत तीन हजार मीटर स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत धावली. फलटण तालुक्यातल्या सरडे गावचा प्रवीण जाधव मजुरी करणाऱ्या आईवडिलांचा मुलगा. जिल्हा परिषद शाळेतल्या गुरुजींनी त्याला खेळाकडे वळवलं, तिथून तो शासनाच्या क्रीडा प्रबोधिनीत गेला आणि टोकियो ऑलिंपिकमध्ये भारताकडून तिरंदाजीत उतरला. आदिती स्वामी २०२३ मध्ये बर्लिनला वयाच्या सतराव्या वर्षी तिरंदाजीत जागतिक विजेती झाली. तिचे वडीलही शिक्षक. यातल्या जवळजवळ प्रत्येक नावामागे कोणी एक शिक्षक आपल्या खिशातलं आणि आपल्या वेळेतलं घालणारा आहे. माझं म्हणणं असं की पुढच्या खाशाबासाठी कुणाचं घर गहाण पडू नये. त्या शिक्षकाला पद द्या, पगार द्या, मैदान द्या.

अभ्यासाचं थोडक्यात लिहितो, कारण त्यावर बोलणारे पुष्कळ आहेत. आठवीला एनएमएमएस या शिष्यवृत्ती परीक्षेत निवड झाली तर नववी ते बारावी दरवर्षी बारा हजार रुपये मिळतात. ऊसतोडीला किंवा मुंबईला माथाडी कामाला गेलेल्या बापाच्या मुलासाठी हा मोठा आधार आहे. पण त्यासाठी आठवीला गणित शिकवणारा माणूस जूनपासून वर्गावर लागतो, दिवाळीनंतर आलेला चालत नाही. प्रयोगशाळेचंही तसंच. कुलूपबंद कपाटातली परीक्षानळी शेवटी फक्त तपासणीच्या दिवशी बाहेर निघते.

याच सातारा गावात १९६१ मध्ये देशातली पहिली सैनिक शाळा सुरू झाली. तिथे मैदानं आहेत, वसतिगृह आहे, शिस्त आहे, आणि तिथून निघालेल्या मुलांचा जिल्ह्याला अभिमान आहे. म्हणजे शासनानं मनावर घेतलं की सरकारी शाळा उभी राहते, याचा पुरावा आमच्या डोळ्यांसमोर आहे. पण तिथे निवडून घेतलेली मुलं जातात. जे मूल निवड परीक्षेला बसलंच नाही, ज्याचं नाव वडिलांनी जवळची शाळा म्हणून घातलं, त्याच्यासाठी जिल्हा परिषदेचं हायस्कूल आहे. सुभेदार रामजींनी भिवाचं नाव घातलं तेही गावातल्या सरकारी शाळेतच.

म्हणून पुन्हा विनंती करतो. यादी जाहीर होऊ द्या, शाळेच्या नावानिशी, आणि ती शाळेच्या दर्शनी फळ्यावरही लागू द्या, म्हणजे पालकांना वाचता येईल. यादीतली रिक्त पदं पवित्र पोर्टलच्या पुढच्याच भरतीत घ्या. प्रत्येक माध्यमिक शाळेला नववी-दहावी धरून एक पूर्णवेळ क्रीडाशिक्षक पटाची अट न लावता मंजूर करा. परिवहन खात्याशी बोलून सरावानंतरच्या एसटीची सोय करा. आणि सुरुवात प्रतापसिंह हायस्कूलपासून करा. तिथे खेळ, विज्ञान, ग्रंथालय आणि बाहेरगावच्या मुलामुलींसाठी वसतिगृह असं सगळं एकत्र उभं राहावं, म्हणजे इतर जिल्ह्यांना तिकडे बोट दाखवून मागता येईल. त्या शाळेतल्या शिक्षकांबद्दल माझी काहीही तक्रार नाही. इतका मोठा वारसा सांभाळायचा तर शासनानं त्यांच्या पाठीशी त्याच तोलानं उभं राहायला हवं, एवढंच म्हणतोय.

आपण ७ नोव्हेंबरला साताऱ्यात आलात तर त्या रजिस्टरापुढे नमस्कार करून लगेच पुढच्या कार्यक्रमाला निघू नये. तासभर काढून मुख्याध्यापकांकडून शाळेचा चालू पट आणि पदांचा तक्ता मागून घ्यावा, आणि जे कमी असेल त्याच्या मंजुरीची तारीख त्याच जागी सांगावी. उत्तराची वाट पाहतो.

आपला विश्वासू,
एक निवृत्त क्रीडाशिक्षक, सातारा